मागे सावली चालणार नाही

मी माणसांना हसू देत नाही. बत्तीस वर्षं माझा हाच धंदा आहे. पासपोर्टचा फोटो, व्हिसाचा फोटो, ओळखपत्राचा फोटो. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की माझी टकळी सुरू होते: हनुवटी खाली, खांदे सरळ, कान दिसू द्या, दात नकोत, हसू नका. आणि मागच्या पांढऱ्या पडद्यावर सावली पडलेली तर मला मुळीच खपत नाही. तशी पाटीच लावली आहे दुकानात, माझ्या अक्षरात: 'मागे सावली चालणार नाही.' एकदा एक गृहस्थ कुरकुरले, "बाई, सावली माझीच आहे हो." म्हटलं, "असेल ना. मग घरी ठेवून या."

आमच्या ह्यांचं काम पुढच्या खोलीत, फ्रेमा बनवायचं. काच कापायची, पट्टी तासायची, मागे दोरीची गाठ मारायची आणि दिवसभर गप्प बसायचं. घरात बोलणं असं जे काही होतं ते माझ्या आणि भिंगरीच्या वाट्याला आलेलं. भिंगरी म्हणजे आमची एकुलती एक लेक. एका जागी दोन मिनिटं टिकायची नाही म्हणून हे नाव पडलं, आणि गंमत बघा, तिलाच मी रोज सकाळी त्या स्टुलावर बसवायची. दिवा इथे ठेवला की सावली कुठे पडते, तिथे ठेवला की कुठे जाते, हे गिऱ्हाईक यायच्या आधी तिच्यावर बघून घ्यायचं. सात वर्षांची कार्टी मला सांगायची, "आई, डावा दिवा खाली कर, माझ्या कानामागून डोकावतेय बघ." नंतर शिकली, परदेशी गेली, तिकडेच संसार मांडला.

मागच्या वर्षी तिचं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. ती तिकडे, मी इकडे. फोनवर तिचं रडणं ऐकत मी दुकानात जमिनीवर फतकल मारून बसले होते आणि बाहेर कोणीतरी "फोटो मिळेल का?" म्हणून काच वाजवत होतं. त्याच दिवशी मनाशी ठरवलं, पुन्हा दिवस राहिले तर मी तिच्या उशाशी असणार. काय वाट्टेल ते होवो. यंदा राहिले. पाचवा महिना सुखरूप पार पडला, मी व्हिसाचे कागद मागवले.

आणि एका सकाळी माझं तोंड वाकडं झालं.

दात घासून चूळ भरली तर पाणी डाव्या बाजूने आपोआप गळायला लागलं. आरशात बघितलं. डावा गाल, डावी भुवई, ओठाचा डावा कोपरा, सगळं खाली ओघळलेलं. डावा डोळा टक्क उघडा, मिटता मिटेना. लोकांना 'तोंड वाकडं करू नका' म्हणून दटावण्यात माझी हयात गेली होती. मी हसायला गेले तर उजवीकडचं अर्धंच तोंड हसलं. मग मात्र मी रडले, आणि रडताना तर त्याहून भयानक दिसले.

डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजली आहे, मेंदूचं काही नाही. तीन महिन्यांत बरं होईल, कदाचित जास्त लागतील, कदाचित थोडं वाकडंच राहील. गाल फुगवा, शिट्टी वाजवा, डोळ्याला धूळ लागू देऊ नका. शिट्टी! मी वाजवली की नुसतीच हवा जायची. ह्यांनी आमच्या जुन्या पेटी-कॅमेऱ्याचं काळं कापड काढलं, त्यातून डोळ्याची पट्टी कापली, दोन बंद शिवले आणि माझ्या अंबाड्याखाली गाठ मारून दिली.

मी ह्यांना बजावलं, "भिंगरीला कळता कामा नये. मागच्या वेळचं विसरलात का? तिच्या जिवाला घोर नको."

"तिला कळेल," हे म्हणाले.

"कसं कळेल? तुम्ही सांगितलंत तर कळेल."

"मी नाही सांगणार," म्हणाले आणि काच कापायला गेले.

भिंगरी दर रविवारी व्हिडिओ लावायची. मी सांगितलं, फोनचा पुढचा कॅमेरा बिघडलाय. बोलताना माझे प आणि ब ओठांतून सांडायचे. सांगितलं, दाढ काढलीय. पुढच्या आठवड्यात दुसरी दाढ काढली. तिच्या पुढच्या आठवड्यात तिसरी. भिंगरी म्हणाली, "आई, जबडा तरी ठेवणार आहेत ना गं?" मी हसले. फोनवर अर्धं हसू कोणाला दिसतंय! पण मग तिने हट्ट धरला. "मागचा कॅमेरा चालतो ना? मग रोज एक फोटो पाठव स्वतःचा. फोटोग्राफर बाई आहेस, आणि माझ्याकडे तुझा एक धड फोटो नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर चादरी वाळत घालत होते. ऊन पाठीवर होतं. समोरच्या पांढऱ्या चादरीवर एक बाई उभी होती, अंबाडा, रुंद खांदे, हातात चिमटे. डावा नाही, उजवा नाही, डोळा नाही, तोंड नाही. बघतच राहिले. मग फोन काढला आणि तिचाच फोटो घेतला. फोन डोळ्यांपुढे धरला होता त्यामुळे दोन्ही कोपरं बाहेर आली होती, अगदी दोन कानांचा हंडा. तसाच पाठवून दिला.

उत्तर आलं: "अगं आई!! ही तर तूच! अंबाडा बघ! अजून पाठव!"

झालं, मला नादच लागला. मग मी गप्प बसणारी आहे होय! फोन छातीशी धरायचा म्हणजे हात सावलीतच लपतात आणि माणूस नीट उभं दिसतं, हे दोन दिवसांत कळलं. भिंतीपासून चार पावलं मागे उभं राहिलं की पाय जमिनीवर आणि धड भिंतीवर असं दुमडलं जातं. दुकानाच्या बंद शटरवर सावली उभी केली की तिच्या अंगभर सुरकुत्या येतात. एकदा गच्चीतल्या कुंडीपुढे अशी उभी राहिले की सावलीच्या डोक्याच्या जागी बरोबर कुंडीतलं झाड आलं. भिंगरीने लिहिलं, "केस धुतलेस वाटतं." एकदा पाण्याच्या टाकीवर, एकदा विटांच्या ढिगावर, एकदा जिन्याच्या भिंतीवर बाजूने, नाकाची धार आणि अंबाडा स्पष्ट दिसेल असा. एकदा हे दोरीची गुंडी घेऊन मध्येच आले, तर आमच्या दोघांच्या सावल्या एकमेकीत शिरल्या आणि चार हातांचं कोणीतरी तयार झालं. हे म्हणाले, "मी बाजूला होऊ का?" म्हटलं, "आता आलाच आहात तर राहा."

खरं सांगते, त्या सावलीवाल्या बाईवर माझा जीव जडला. बत्तीस वर्षं मी सावल्या हाकलत आले, तिच्याकडे नीट कधी बघितलंच नव्हतं. कॅमेऱ्याची पिशवी वागवून माझा उजवा खांदा वर राहिलाय हे मला तिने दाखवलं. उभी राहते तेव्हा मी एका पायावर भार देते, माझी आई द्यायची तसाच. आरशातली ती ओघळलेली बाई मला परकी वाटायची. ही भिंतीवरची मात्र माझी होती. तीच मी असं मी ठरवून टाकलं होतं. लोकांना तोंड दाखवायला नको म्हणून दुकान बंदच असायचं. उघडलं तरी ह्यांच्या फ्रेमांपुरतं.

पण व्हिसाच्या अर्जावर सावली चिकटवता येत नाही. फोटो हवा, तोही सहा महिन्यांच्या आतला. जुना फोटो घेऊन येणाऱ्या किती जणांना मीच परत पाठवलं असेल. तारीख जवळ आली तशी एका दुपारी दार लावून घेतलं, टायमर लावला आणि स्टुलावर बसले. फोटो संगणकावर उघडला. हा चेहरा कागदावर जाणार, भिंगरीच्या देशातले लोक तो बघणार, आणि तिकडे दारात लेक बघणार. नाही. मी उजवा अर्धा चेहरा उचलला, उलटा केला आणि डाव्यावर बसवला. जोड पुसली, डोळ्यांतली चमक सारखी केली, कानाची पाळी जरा बदलली. हात तयार आहे माझा. तासाभरात पूर्वीची मी समोर बसले होते. इतकं बरं वाटलं की चहा केला आणि फोटोकडे बघत प्यायले.

व्हिसा कार्यालयाच्या खिडकीत चष्मेवाल्या बाई असतात. आमची तोंडओळख जुनी. गावातले निम्मे फोटो माझ्याच दुकानातून त्यांच्या टेबलावर जातात. मी तोंडाला स्कार्फ गुंडाळून गेले होते. त्यांनी फोटो घेतला, पासपोर्ट उघडला, पुन्हा फोटो बघितला.

"पासपोर्टात लिहिलंय, ओळखखूण: उजव्या गालावर तीळ," त्या म्हणाल्या. "इथे दोन आहेत."

मी वाकून बघितलं. खरंच दोन होते. फोटोतला तीळ कधीही पुसायचा नाही, ती माणसाची ओळखखूण असते, हा माझा बत्तीस वर्षांचा नियम. हाताला तशी सवयच लागलेली. पुरळ दिसली की पुसायची, तीळ दिसला की पुढे जायचं. उजव्या तिळावरून हात पुढे गेला होता आणि डाव्या गालावर आयत्या आलेल्या तिळावरूनही.

"स्कार्फ काढा," त्या म्हणाल्या. मी काढला. डोळ्याची पट्टीही काढली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग फोटोकडे, मग परत माझ्याकडे. आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाई, तुमच्या दुकानातला एक फोटो आजवर मी परत केला नाही. पण हा तुमचा फोटो नाही." पुढची तारीख एकोणीस दिवसांनंतरची मिळाली. भिंगरीला त्या वेळी नववा लागलेला असणार होता.

घरी आले ती तडक झोपायच्या खोलीत. ह्यांनी विचारलं, "काय झालं?" मी सगळा राग त्यांच्यावर काढला. म्हटलं, तुमचं काय, तुम्हाला चौकट सरळ असली की झालं, आतला माणूस वाकडा का असेना. हे उभे राहून ऐकत होते. शेवटी मी म्हटलं, मी जात नाही. मला नाही दाखवायचं हे तोंड कोणाला. माझ्या लेकीलाही नाही. तिलाच तर मुळीच नाही.

रविवारी भिंगरीचा फोन आला. मी पाठ केलेलं बोलून टाकलं. व्हिसाची तारीख पुढे गेली, दुकानात कामाची रीघ लागलीय, ह्यांची पाठ धरलीय, जावई आहेत ना तिकडे, सगळं नीट होईल बघ.

"झालं तुझं?" भिंगरी म्हणाली. "आता मी बोलू?"

"बोल की."

"आई, तू मला आजवर त्रेचाळीस फोटो पाठवलेस. सगळ्यांत सावली लांब आहे. म्हणजे एक तर सकाळी आठच्या आत, नाहीतर संध्याकाळी पाचनंतर. पाचनंतर तर दुकानात गर्दी असायची, आणि फोटोत शटर बंद दिसतंय. दुकान बंद ठेवतेस ना?"

"लांब सावली चांगली दिसते म्हणून गं."

"बरं. मग सातवा फोटो उघड. जिन्याच्या भिंतीवरचा. उघडलास? आता अंबाड्याखाली मोठं करून बघ."

बघितलं. अंबाड्याच्या खाली, मानेपाशी, भिंतीवर दोन छोटी टोकं बाहेर आली होती. बंदांची टोकं.

"ती गाठ आहे," भिंगरी म्हणाली. "बाबांची गाठ. फ्रेमच्या दोरीला मारतात तीच, एक टोक वर आणि एक खाली. तू जन्मात डोक्याला कधी काही बांधलं नाहीस. डोळ्याला पट्टी आहे, प आणि ब सांडतायत, कॅमेऱ्यासमोर येत नाहीस, आणि तीन दाढा! मी माझ्या इथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी लगेच सांगितलं काय ते."

लोकांचे चेहरे दहा पट मोठे करून तपासणारी मी, माझी सावली मी एकदाही मोठी करून बघितली नव्हती. तिच्यात काही दिसतच नाही म्हणून तर ती मला हवी होती.

"कधी कळलं तुला?"

"पाच आठवडे झाले."

"पाच आठवडे! आणि बोलली नाहीस, भवाने?"

"तू मला जपत होतीस. म्हटलं, जपू दे. मला काही झालं का? नाही झालं. रोज तुझी सावली आली की बरं वाटायचं. आणि फोटो चांगले येत होते गं, तुझी शप्पथ." मग तिचा आवाज चिरकला. "पण आता येत नाही म्हणतेस, ते नाही चालणार. मला भीती वाटते, आई. मला रोज रात्री भीती वाटते. मला तू हवी आहेस. तुझं तोंड कसं आहे ते मला नको सांगूस."

मी डोळ्यावरची पट्टी तळव्याने दाबून धरली.

"आणि बाळाला काय माहीत तुझं तोंड आधी कसं होतं?" ती नाक ओढत म्हणाली. "ते जे पहिल्यांदा बघेल तीच त्याची आजी."

फोन ठेवला तेव्हा हे दारात उभे होते. म्हटलं, "दिवे लावा."

ह्यांनी जन्मात कधी कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. मी दिवे सांगितले, ह्यांनी ठेवले. मी स्टुलावर बसले, पट्टी काढली. बसल्या बसल्या मान आपोआप वळली, डावा गाल मागे. ह्यांनी कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढलं.

"सरळ बघ," म्हणाले. "हनुवटी खाली. खांदे सरळ, उजवा वर राहतोय तुझा. कान दिसू दे." बत्तीस वर्षं पुढच्या खोलीत बसून माणूस ऐकत होता तर! मग अगदी गंभीरपणे म्हणाले, "हसू नकोस."

मला हसूच फुटलं. अर्ध्या तोंडाने, पण पोट धरून हसले. तो फोटो बाद झाला. त्यानंतरचेही चार बाद झाले, कारण हे परत परत 'हसू नकोस' म्हणत होते. सहावा चालला. संगणकावर उघडला तेव्हा हात सवयीने पुसायच्या खुणेकडे गेला. पुरळ एकही नव्हती. तीळ एकच होता, उजव्या गालावर. मी तसाच छापला.

खिडकीतल्या बाईंनी फोटो बघितला, मला बघितलं आणि शिक्का मारला. "नीट जा," म्हणाल्या, "आणि लेकीला सांभाळा."

मी पोचले तेव्हा बाळंतपणाला नऊ दिवस उरले होते. विमानतळाच्या दाराबाहेर लख्ख ऊन होतं. जावई सामान घ्यायला धावले. भिंगरी मात्र दहा पावलांवर थांबली. एवढं मोठं पोट, त्यावर कोट बसेना, आणि हातात फोन.

"थांब, आई. तिथेच थांब."

माझी मान वळायला लागली होती. मी ती सरळ केली. डोळा तोपर्यंत अर्धा मिटायला लागला होता, गाल अजून ओघळलेलाच होता. ऊन तिच्या पाठीशी होतं, त्यामुळे तिची सावली जमिनीवरून सरपटत माझ्या कोटावर चढली आणि हनुवटीपर्यंत आली. 'बाजूला हो, सावली पडतेय' हे माझ्या ओठांपर्यंत आलं होतं.

"हस की," भिंगरी म्हणाली.

हसले. मग ती फोन खिशात कोंबून आली आणि माझ्या ओघळलेल्या गालाला गाल लावून इतकी रडली की येणारे जाणारे थबकून बघायला लागले.

तो फोटो ह्यांनी फ्रेम केलाय. दुकानात पाटीच्या बरोबर खाली लावलाय. गिऱ्हाइकं स्टुलावर बसल्या बसल्या वर बघतात, आणि त्यात एखादा आगाऊ निघतोच. परवा एक म्हणाला, "बाई, आम्हाला सावली चालणार नाही म्हणता, आणि तुमच्या अंगावर ही एवढी मोठी सावली पडलीय ती?"

"लेक आहे ती माझी," मी म्हटलं. "आणि मध्ये ते गोल दिसतंय ना, ती माझी नात. तेव्हा आत होती. हं, हनुवटी खाली."